जुन्या डिझेल गाडीच्या टर्बोची ऑइल लाइन गळतेय? बोल्ट अजून आवळायच्या आधी हे वाचा

टर्बोपाशी, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्यापाशी, तेल दिसलं की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एकतर पाना घालून बँजो बोल्ट (तेलाची नळी टर्बोला जोडणारा पोकळ बोल्ट) अजून अर्धा फेरा आवळतात, नाहीतर सिलिकॉनची ट्यूब आणून जिथे ओलं दिसेल तिथे थापतात. दोन्हीने गळती थांबत नाही, थांबली तरी आठवडाभर, आणि मग एक दिवस तो बोल्ट तुटतो किंवा सिलिकॉनचा तुकडा आत तेलाच्या वाटेत जाऊन बसतो. म्हणजे वॉशर बदलून भागणारं काम टर्बो बदलण्यावर जातं.

हे काम घरी होण्यासारखं आहे, फक्त क्रम चुकवायचा नाही. आणि एक गोष्ट पहिल्यापासून डोक्यात ठेवा, गळती बंद करणं हे यातलं अर्धंच काम आहे, उरलेलं अर्धं म्हणजे टर्बो एक सेकंदही कोरडा फिरू न देणं. त्याचा शाफ्ट मिनिटाला एक लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो, दुसरा आधारच नाही त्याला.

टर्बोला तेलाच्या दोन लाइन असतात. वरून येते ती फीड, बारीक स्टीलची नळी, इंजिनच्या पूर्ण ऑइल प्रेशरवर चालणारी. खालून जाते ती रिटर्न, जाड, तिच्यात प्रेशर नसतं, तेल आपल्या वजनाने खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, पडतं. फीड गळली तर तेल उडतं, रिटर्न गळली तर पाझरतं आणि ठिबकतं. दोघींचे आजार वेगळे, औषधं पण वेगळी.

टप्पा १: नक्की कुठून गळतंय ते पकडा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात म्हणून यावर जरा जास्त लिहितो. तेल नेहमी खाली ओघळतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे जातं, त्यामुळे जिथे थेंब लटकलेला दिसतो तिथून गळती सुरू झालेली नसते. टॅपेट कव्हरचं गॅस्केट, ब्रीदरचा पाइप (इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारा), व्हॅक्यूम पंप, ऑइल कूलरची पॅकिंग, हे सगळे टर्बोच्या वर किंवा आसपास असतात आणि यांचं तेल अगदी टर्बोचंच वाटावं अशा जागी येऊन थांबतं.

इंटरकूलरच्या होजमध्ये आतून तेलाचा हलका थर असेल तर घाबरू नका, ब्रीदरमधून येणारी वाफ तिथे बसते आणि जुन्या डिझेलला तेवढं चालतं. होज उलटा केल्यावर तेल ओतलं जात असेल तर मात्र विषय वेगळा.

असं करा. इंजिन पूर्ण थंड असताना सगळा भाग डिग्रीझरने धुवा, अल्टरनेटरवर आणि कनेक्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधून, आणि प्रेशर वॉशर लांबच ठेवा. मग ब्रेक क्लीनर मारून कोरडं करा. आता संशयाच्या सांध्यांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरा, पिशव्या काढा, गाडी चालू करून पाच-दहा मिनिटं आयडलवर ठेवा आणि टॉर्च घेऊन बघत राहा. पांढऱ्या पावडरवर जो सगळ्यात वरचा ओला डाग उमटतो तो तुमचा गुन्हेगार. काहीच दिसलं नाही तर एक छोटी चक्कर मारून या, काही फीड लाइन फक्त रेस वाढली की गळतात. तेवढ्यानेही सापडलं नाही तर तेलात घालायचा यूव्ही डाय आणि यूव्ही टॉर्च वापरा, त्यात लपायला जागा उरत नाही.

*सावध:* फीड लाइनचं तेल थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडत असेल, धूर आणि जळका वास येत असेल, तर ती चक्कर मारूच नका. लोडवर मॅनिफोल्ड आणि टर्बोचं गरम बाजूचं हाउसिंग कित्येक शे अंशांवर जातं आणि तेलाला पेटायला तेवढं पुरेसं आहे. अशी गाडी जागेवरच दुरुस्त करायची.

टप्पा २: सामान आधी, पाना नंतर

उघडल्यावर सामान आणायला धावायचं आणि तोपर्यंत टर्बोचं तोंड उघडं, हे नको. त्यामुळे सगळं समोर मांडूनच सुरुवात करा:

- नवीन फीड लाइन, तुमच्या इंजिनच्या पार्ट नंबरप्रमाणे
- प्रत्येक बँजो बोल्टसाठी दोन नवीन वॉशर, आणि दोन-चार जादाचे
- रिटर्नचं गॅस्केट किंवा ओ-रिंग, होज असेल तर नवीन होज आणि क्लिपा
- इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर
- टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पाना), रिंग पाने, सॉकेट, गंज सोडवणारा स्प्रे
- ब्रेक क्लीनर, धागे न सुटणारं कापड, स्वच्छ सिरिंज, प्लास्टिकची बुचं, छोटा आरसा
- अग्निशामक, हाताशी, डिकीत नाही

लाइनला जास्त काही झालेलं दिसत नाही, नुसते वॉशर बदलले तर? बदला, पण लाइन स्वच्छ आणि सरळ असेल तरच. जुन्या गाडीत गरम इंजिन फटकन बंद करून करून फीड लाइनच्या आत तेल जळून काजळी जमलेली असते, ती बाहेरून दिसत नाही आणि तार घालून साफ करायला गेलात तर सुटलेला कण सरळ बेअरिंगमध्ये जातो. माझं मत विचाराल तर गाडी बरीच चाललेली असेल तर लाइन बदलूनच टाका.

*हे आणू नका:* टेफ्लॉन टेप, सिलिकॉन, एपॉक्सी, आणि फीड लाइनच्या जागी जुगाड म्हणून रबरी नळी आणि क्लिप. टेपचा एक धागा सुटला तरी टर्बोचं तेलाचं भोक बंद व्हायला पुरतो.

टप्पा ३: गाडी थंड, गाडी स्थिर

बोनेट उघडून अर्धा तास म्हणजे थंड नव्हे, टर्बो जाड बिडाचा असतो, रात्रभर राहू दिलेला बरा. संध्याकाळी सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि सकाळी परत एकदा मारा. बॅटरीची निगेटिव्ह काढा, कारण पाना बऱ्याचदा स्टार्टरच्या जाड वायरपाशी फिरतो. खालून काम असेल तर गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, पाचच मिनिटांचं काम आहे असं वाटलं तरी.

टप्पा ४: वाट मोकळी करा आणि लाइन सोडवा

१. काहीही काढण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो घ्या. लाइन कुठल्या क्लिपमधून जाते, कशाच्या वरून, कशाच्या खालून. हे नंतर आठवत नाही, खरंच नाही.

२. एअर इनटेकचा होज काढा आणि टर्बोच्या तोंडात लगेच बूच किंवा स्वच्छ कापडाचा बोळा. बोळा मोठा घ्या, आत ओढला जाईल इतका छोटा नको, आणि तो घातलाय हे मास्किंग टेपवर लिहून स्टिअरिंगला चिकटवा.

३. हीट शील्ड काढा. याचे छोटे बोल्ट सगळ्यात जास्त गंजलेले असतात आणि तुटायला यांनाच हौस. जोर लावू नका, जरासा आवळायच्या दिशेने हलवा, मग सोडवायच्या, असं पुढेमागे करत काढा.

४. लाइनला मध्ये आधार देणाऱ्या क्लिपा आधी सोडवा, बँजो बोल्ट शेवटी. उलट केलं तर नळीला पीळ बसतो.

५. बँजो बोल्ट काढताना तो कशात बसलाय ते बघा. थेट टर्बोत नसून मधल्या ॲडॅप्टरमध्ये असेल तर दुसऱ्या पान्याने ॲडॅप्टर धरून ठेवा, नाहीतर बोल्टाऐवजी ॲडॅप्टरच फिरतो आणि खाली दुसरी गळती तयार.

६. बोल्ट निघाला की वॉशर मोजा. प्रत्येक बँजोचे दोन, एक डोळ्याच्या (नळीच्या टोकाची गोल कडी, जिच्यातून बोल्ट जातो) वर आणि एक खाली.

*तपासा:* दोन्ही वॉशर हातात आले का? एकच आला तर दुसरा टर्बोच्या तेलाच्या भोकाच्या कडेला चिकटलेला आहे. मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा याच ठिकाणी फसलो, जुना वॉशर काळा पडून तिथलाच भाग वाटत होता, त्याच्यावर नवीन बसवला, सगळं बंद केलं, आणि दुसऱ्या दिवशी तीच गळती त्याच जागी हजर. सगळं पहिल्यापासून उघडावं लागलं. नख किंवा पितळी टोक फिरवून बघा, कड लागली तर वॉशर आहे.

बोल्ट निघाल्याबरोबर टर्बोचं भोक बुचाने बंद करा.

टप्पा ५: उघडलंच आहे तर हे बघून घ्या

बँजो बोल्ट पोकळ असतो आणि काही इंजिनांत त्याच्या आत बारीक जाळीचं फिल्टर असतं. ते काळ्या चिकट थराने बुजलेलं असेल तर टर्बो आधीपासूनच उपाशी होता. असा बोल्ट नवाच घ्या. बोल्टाची मान बारीक झालेली किंवा आटे ताणलेले दिसले तरी नवाच.

टर्बोच्या थंड बाजूचं, म्हणजे इनटेककडचं, चाक बोटाने फिरवा. सहज फिरायला हवं. बाजूला किंचित हललं तर चालतं, बेअरिंग तेलावर तरंगणारं असल्याने तेवढी सैल असतेच, आणि यालाच घाबरून लोक चांगले टर्बो भंगारात काढतात. पण चाक हाउसिंगला घासत असेल, पात्यांची टोकं झिजलेली असतील, किंवा शाफ्ट पुढेमागे ओढल्यावर हातात खेळ जाणवत असेल, तर थांबा. तो टर्बो गेलाय, नवी लाइन त्याला वाचवणार नाही.

जुनी फीड लाइन कुठे फुटलीय तेही बघा. डोळा आणि नळीच्या जोडावर तडा असेल तर बहुतेक वेळा मधली क्लिप तुटलेली किंवा कोणीतरी काढून टाकलेली असते, नळी थरथरते आणि जोडावर थकते. क्लिप परत बसवली नाही तर नवी लाइन पण त्याच जागी तुटेल.

टप्पा ६: बसण्याच्या जागा साफ करा

वॉशर जिथे बसतो ती जागा गुळगुळीत आणि कोरडी हवी, बास. भोकात कापड ठेवून ब्रेक क्लीनरने पुसा. पॉलिश पेपर किंवा वायर ब्रश भोकाजवळ वापरू नका, त्याचे कण आत जातात. रिटर्नच्या फ्लँजवरचं (पाइपच्या सपाट, बोल्ट लागणाऱ्या टोकावरचं) जुनं गॅस्केट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, स्क्रूड्रायव्हरने एक खोल ओरखडा पडला की नवं गॅस्केट तिथूनच पाझरणार.

तेलाने भिजलेलं हीट शील्डचं अस्तर किंवा वायरवरची कापडी स्लीव्ह असेल तर बदला. धुतलं तरी आतलं तेल जात नाही आणि गरम झालं की ते धुमसतं.

टप्पा ७: रिटर्न आधी बसवा

फीड आधी बसवली तर पुढे टर्बोत ओतलेलं तेल खालून तुमच्या मनगटावर येईल, म्हणून रिटर्न पहिली.

रिटर्नचा पाइप काढला असेल तर आरपार बघा. आत काजळी असेल तर पूर्ण साफ किंवा नवा. रिटर्न थोडी जरी तुंबली तरी तेल टर्बोच्या मधल्या भागात साठतं आणि सीलमधून एक्झॉस्टमध्ये किंवा इनटेकमध्ये जातं, मग निळा धूर निघतो आणि लोक म्हणतात टर्बो गेला. टर्बो ठीक असतो, खालची मोरी तुंबलेली असते.

रबरी होज असेल तर गरम तेलासाठी बनवलेलाच हवा. कूलंटचा उरलेला होज मापाने बसतो म्हणून लावणारे बरेच आहेत, पण ते रबर तेलात फुगतं आणि मऊ पडून क्लिपखालून सुटतं. होज पूर्ण उताराचा हवा, मध्ये झोळ नको, पीळ नको.

गॅस्केटचं भोक फ्लँजच्या भोकाशी जुळतंय ना ते लावण्याआधी धरून बघा, उलटं लावलं तर अर्धं भोक झाकलं जातं. बोल्ट दोन्ही हाताने लावा, मग आलटून पालटून आवळा. एम ६ (६ मिमी जाडीच्या) बोल्टाला साधारण ८ ते १० न्यूटन मीटर पुरतात, एम ८ ला २० च्या आसपास, तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

टप्पा ८: फीड लाइन

१. नवी लाइन पॅकिंगमधून काढल्यावर ब्रेक क्लीनर मारा, हवा मारा, आरपार उजेड दिसतोय का बघा. नव्या लाइनमध्ये प्लास्टिकचं बूच राहिलेलं असतं, हसू नका.

२. जुन्या लाइनमध्ये किंवा ॲडॅप्टरमध्ये बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर असेल तर तो तसाच परत यायला हवा. तेल जास्त मिळावं म्हणून भोक मोठं करणारे टर्बोचे सील स्वतःच्या हाताने घालवतात.

३. दोन्ही टोकांचे बँजो बोल्ट नव्या वॉशरसकट फक्त बोटांनी लावा. मग मधल्या क्लिपा, त्याही सैल. नळी स्वतःहून जागेवर बसली पाहिजे, ओढून ताणून बसवावी लागत असेल तर लाइन चुकीची आहे किंवा वाट चुकली आहे, फोटो बघा.

४. आता इंजिनच्या बाजूचं टोक टॉर्क रेंचने आवळा. एम १० बँजोला साधारण १५ ते २५ न्यूटन मीटर, एम १२ ला थोडं जास्त, इथेही मॅन्युअलचा आकडा वरचढ. ऐकायला कमी वाटतं, पण बोल्ट पोकळ आहे आणि काम वॉशरने चेपून करायचं असतं, ताकदीने नाही.

५. टर्बोच्या बाजूचं टोक अजून आवळू नका.

*तपासा:* नळी मॅनिफोल्डला, हीट शील्डच्या कडेला किंवा कुठल्याही वायरला टेकत नाही ना? टेकत असेल तर ती काही दिवसांनी घासून भोक पडणार.

टप्पा ९: टर्बोला तेल पाजा

हा टप्पा गाळला तर वरचे आठ फुकट.

गळतीने तेल कमी झालेलं असतंच, त्यामुळे ऑइल आणि फिल्टर आत्ताच बदला म्हणजे नव्या लाइनमधून नवं तेल जाईल. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंतच, त्याच्या वर नाही, जास्त भरलं तर रिटर्नला अडथळा होतो.

टर्बोकडचा बँजो बोल्ट परत काढा, वॉशर सांभाळा, सिरिंजने टर्बोच्या भोकात हळूहळू तेल सोडा आणि दुसऱ्या हाताने थंड बाजूचं चाक फिरवत राहा. भोक काठोकाठ भरलं की बास. बोल्ट परत बोटाने लावा आणि सांध्याखाली कापड धरा.

आता इंजिन चालू होणार नाही अशी सोय करून सेल्फ मारायचा. डिझेलचा जुना मेकॅनिकल पंप असेल तर स्टॉप सोलेनॉइडची (चावीवर डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर काढा. कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारे विजेचे इंजेक्टर) असेल तर इग्निशन बंद ठेवूनच इंजेक्टरचे कनेक्टर काढा, यामुळे फॉल्ट कोड येऊ शकतात, ते नंतर पुसावे लागतील. मग बॅटरी जोडा आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबून, स्टार्टर तापतो. सैल सांध्यातून तेल यायला लागलं की थांबा, बोल्ट टॉर्कने आवळा, क्लिपा आवळा, सगळं पुसून कोरडं करा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत परत सेल्फ मारा.

*सावध:* कॉमन रेलचे डिझेलचे हाय प्रेशर पाइप सैल करून इंजिन बंद ठेवायचा शॉर्टकट अजिबात नको. तिथलं प्रेशर हजार बारच्या वर जातं, ती धार कातडीच्या आत शिरते.

टप्पा १०: पहिला स्टार्ट

स्टिअरिंगवरची टेप वाचा, बोळा काढा, इनटेक होज लावा, कनेक्टर जोडा. स्टार्ट करा आणि पाय ॲक्सिलरेटरपासून लांब ठेवा. चार-पाच मिनिटं फक्त आयडल. मॅनिफोल्डवर सांडलेलं तेल जळून थोडा धूर येईल, तो कमी होत गेला पाहिजे, वाढत गेला तर लगेच बंद.

आरसा आणि टॉर्चने दोन्ही सांधे बघा, हात घालून चाचपू नका. बंद करा, दहा मिनिटांनी तेल तपासा, मग दहा-पंधरा किलोमीटरची साधी चक्कर आणि परत बघा. दुसऱ्या दिवशी थंड असताना टॉर्क एकदा तपासून घ्या, गरम सांध्याला पाना लावू नका.

*सावध:* सील गेलेल्या टर्बोत कधी कधी इंजिन स्वतःचंच तेल जाळत सुटतं, रेस आपोआप चढते आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. मॅन्युअल गिअरच्या गाडीत ब्रेक पूर्ण दाबून, टॉप गिअर टाकून क्लच सोडा म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडेल. त्यामुळे पहिल्या स्टार्टला एक माणूस ड्रायव्हरच्या सीटवर हवाच.

तरीही ओलं दिसत असेल तर

फीडच्या सांध्यावर ओलं: आवळू नका, उघडा. जुना वॉशर खाली राहिला, जागेवर ओरखडा आहे, किंवा नळी वाकडी बसून डोळा तिरका झालाय, या तिघांपैकीच काहीतरी निघतं.

रिटर्न नवं गॅस्केट लावूनही पुन्हा पुन्हा पाझरतेय: गॅस्केटचा दोष नाही, इंजिनच्या पोटात प्रेशर साठतंय. आयडलवर ऑइल भरायचं झाकण जरा सैल करून बघा. हलकी फुंकर चालते, झाकण उडायला बघत असेल आणि भकाभक धूर येत असेल तर आधी ब्रीदर तपासा. तुंबलेला असेल तर साफ करून भागेल. ब्रीदर मोकळा असूनही तसंच असेल तर कॉम्प्रेशन तपासून घ्या, पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असू शकतात.

निळा धूर पण बाहेर कुठेच गळती नाही: रिटर्नची वाट आणि ब्रीदर, या क्रमाने. टर्बो सगळ्यात शेवटी.